जादा शिफ्ट, चाइल्ड बेनिफिट आणि टॅक्स रिटर्न : इंग्लंडमधल्या पगारदाराने नेमके काय करायचे?

रात्रपाळी :
नमस्कार. मी मिडलंड्समधल्या एका सरकारी रुग्णालयात नर्स आहे. आम्हा दोघांनाही कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळालेली आहे. दोन मुलांचा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, माझ्या यजमानांच्या खात्यात जमा होतो, कारण ते अर्धवेळ नोकरी करून मुलांचे पाहतात आणि अर्जही त्यांच्याच नावाने केला होता. २०२५-२६ या करवर्षात मी नेहमीच्या नोकरीखेरीज जवळजवळ दर आठवड्याला स्टाफ बँकेतून (जादा शिफ्टसाठी कर्मचारी पुरवणारी रुग्णालयाची व्यवस्था, पैशांची बँक नव्हे) एक जादा शिफ्ट केली. मे महिन्याच्या अखेरीस दोन पी-६०, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारे दाखले, हाती आले. नेहमीच्या नोकरीचा ५०,१५० पौंडांचा आणि बँकेचा १६,२५० पौंडांचा. पेन्शनची वर्गणी पगारातून आधीच वजा झालेली आहे आणि याखेरीज मला दुसरे कोणतेही उत्पन्न नाही.

वॉर्डातल्या मैत्रिणींचे यावर एकमत नाही. एक म्हणते की कर पगारातूनच कापला जातो, तेव्हा रिटर्नचा संबंधच येत नाही. दुसरी म्हणते की साठ हजार ओलांडले म्हणजे बेनिफिट ताबडतोब बंद करावा, नाहीतर दंड बसतो. तिसरीचे म्हणणे असे की पैसे नवऱ्याच्या खात्यात जातात, त्यामुळे जे काही भरायचे ते त्यांनीच भरायचे. मला हे प्रकरण नीट समजून घ्यायचे आहे, कारण पुढच्या हिवाळ्यात शिफ्ट घ्यायच्या की नाहीत हेही त्यावरच ठरणार आहे.

हिशोबनीस :
ताई, तुमच्या पहिल्या दोन मैत्रिणींचे म्हणणे अर्धवट बरोबर आहे, तिसरीचे मात्र चुकीचे. मी गेली अनेक वर्षे पेरोल आणि वैयक्तिक कराचे काम करतो. याच प्रश्नावर सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्या घरात चाइल्ड बेनिफिट घेतला जातो आणि पती-पत्नींपैकी किंवा एकत्र राहणाऱ्या जोडीदारांपैकी एकाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे जाते, त्या घरात जास्त उत्पन्न असलेल्या व्यक्तीवर ‘हाय इन्कम चाइल्ड बेनिफिट चार्ज’ नावाचा कर बसतो. पैसे कोणाच्या खात्यात जातात, अर्ज कोणी केला, लग्न झाले आहे की नाही, यातल्या कशानेही फरक पडत नाही. ७ जानेवारी २०१३ पासून हा कर लागू झाला तेव्हा मर्यादा ५०,००० पौंडांची होती आणि ६०,००० ला सगळा बेनिफिट परत जात असे. ६ एप्रिल २०२४ पासून ही पट्टी ६०,००० ते ८०,००० अशी झाली. साठ हजारांवरच्या प्रत्येक पूर्ण २०० पौंडांमागे वर्षभरात मिळालेल्या बेनिफिटचा एक टक्का परत करावा लागतो. ज्यांनी जुने लेख वाचले आहेत ते अजूनही पन्नास हजारांचा आकडा धरून बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

२०२५-२६ मध्ये पहिल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढच्या प्रत्येक मुलासाठी १७.२५ पौंड असा दर होता. दोन मुलांचे ५२ आठवड्यांचे २,२५१.६० पौंड होतात. तुमचे एकूण उत्पन्न ६६,४०० पौंड, म्हणजे मर्यादेपेक्षा ६,४०० पौंड जास्त. त्याला २०० ने भागले की ३२ येतात. २,२५१.६० चे ३२ टक्के, पेन्स सोडून, ७२० पौंड. हा चार्ज तुमच्या नावावर आहे, यजमानांच्या नाही. उरलेले दीड हजारांहून अधिक पौंड तुमच्या घरात हक्काने राहतात, त्यामुळे बेनिफिट बंद करण्याचे काहीच कारण नाही.

आता पहिल्या मैत्रिणीचा मुद्दा. पूर्वी पगारदाराचे उत्पन्न फार मोठे असेल तर केवळ त्या कारणाने रिटर्न भरावे लागत असे. ती अट २०२४-२५ पासून गेली आहे. म्हणजे केवळ दोन नोकऱ्या आहेत किंवा केवळ पगार मोठा आहे म्हणून रिटर्न भरावे लागत नाही. परंतु चार्ज लागू होतो हे एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, कळवण्याची जबाबदारी तुमची आहे. तुमच्या पेरोल विभागाला तुमचे यजमान चाइल्ड बेनिफिट घेतात हे माहीत नसते आणि तो विचारणारही नाही. करवर्ष ५ एप्रिलला संपते, आणि त्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत सेल्फ असेसमेंटसाठी (स्वतः रिटर्न भरून कर ठरवण्याची पद्धत) नोंदणी करावी लागते. तुमच्या बाबतीत ती तारीख ५ ऑक्टोबर २०२६ आहे. ऑनलाइन रिटर्न आणि पैसे या दोन्हींसाठी ३१ जानेवारी २०२७. कागदी रिटर्न भरायचे असेल तर ३१ ऑक्टोबर २०२६.

एक विनंती आहे. बँकेच्या पे-स्लिपवर टॅक्स कोड, म्हणजे किती कर कापायचा हे पेरोलला सांगणारा संकेत, काय आहे तो कृपया पाहून सांगा. चाइल्ड बेनिफिटच्या चार्जपेक्षा कधी कधी तिथेच मोठी रक्कम अडकलेली असते.

रात्रपाळी :
इतक्या स्पष्ट उत्तराबद्दल मनापासून आभार. सगळ्या पे-स्लिप काढून पाहिल्या. नेहमीच्या नोकरीत कोड १२५७एल आहे. बँकेच्या पे-स्लिपवर सुरुवातीचे काही महिने ‘बीआर’ होता आणि नंतर तो ‘डी०’ झाला. बीआर असताना साधारण ६,००० पौंड मिळाले होते. कोड बदलल्यावर एका शिफ्टमागे हातात येणारी रक्कम एकदम कमी झाली आणि आम्हाला वाटले की पेरोलकडून काहीतरी चूक झाली असावी.

हिशोबनीस :
ती चूक नव्हती. उलट आधीचा काळच सदोष होता. बीआर म्हणजे त्या नोकरीतल्या सगळ्या पैशांवर २० टक्के, आणि डी० म्हणजे सगळ्यावर ४० टक्के. करमुक्त १२,५७० पौंड (तुमचा १२५७एल कोड म्हणजे हेच) आणि त्यानंतरची मूळ दराची, म्हणजे २० टक्क्यांची, पट्टी मिळून मर्यादा ५०,२७० पौंडांपर्यंत जाते. तुमच्या नेहमीच्या नोकरीनेच त्यातले ५०,१५० वापरले. म्हणजे बँकेच्या कमाईतले पहिले १२० पौंड सोडले तर बाकी सगळ्यावर ४० टक्के कर व्हायला हवा होता. बीआरखाली मिळालेल्या ६,००० पौंडांवर तो निम्म्यानेच कापला गेला. १२० पौंडांचा फरक जमेस धरला तर तुमच्याकडून १,१७६ पौंड कमी कापले गेले आहेत. चार्जचे ७२० मिळवले की एकूण देणे १,८९६ पौंड होते.

यातला मोठा भाग चाइल्ड बेनिफिटमुळे आलेला नाही, हे यजमानांनाही समजावून सांगा. नाहीतर जानेवारीत आकडा दिसला की सगळा राग बेनिफिटवर निघतो आणि लोक अर्ज मागे घेऊन बसतात.

एक सोय अशी आहे की देणे ३,००० पौंडांपेक्षा कमी असेल आणि ऑनलाइन रिटर्न ३० डिसेंबरपर्यंत भरलेले असेल, तर ती रक्कम पुढच्या करवर्षाच्या टॅक्स कोडमधून हप्त्याहप्त्याने कापून घ्यावी असे रिटर्नमध्येच सांगता येते. एकरकमी भरणे जड जाणाऱ्या घरांसाठी ही तारीख ३१ जानेवारीपेक्षा महत्त्वाची आहे.

लेस्टरकर :
एक नवी गोष्ट इथे नोंदवतो. सप्टेंबर २०२५ पासून एचएमआरसीने अशी सोय केली आहे की ज्यांना केवळ या चार्जपोटी रिटर्न भरावे लागत होते, त्या पगारदारांना सेल्फ असेसमेंटमध्ये न जाता तो चार्ज थेट पगारातून, म्हणजे पीएवायईमधून, भरता येतो. मी ती वापरली आहे. ऑनलाइन खात्यात शिरून वर्षभरात मिळालेला चाइल्ड बेनिफिट आणि आपले समायोजित निव्वळ उत्पन्न (पेन्शनची वर्गणी, देणग्या वगैरे वजा जाता उरणारे एकूण उत्पन्न) भरायचे, त्यानंतर टॅक्स कोड बदलतो आणि ती रक्कम महिन्यामहिन्याला वळती होते. ताईंना दुसरे उत्पन्न नसल्याने ही वाट त्यांच्यासाठी खुली असावी असे मला वाटते. बीआरमुळे कमी कापला गेलेला कर एचएमआरसी पी-८०० नावाच्या हिशेबाने वेगळा कळवते आणि तोही सहसा कोडमधूनच वसूल होतो.

मात्र ज्यांना आधीच रिटर्न भरण्याची नोटीस आलेली आहे, त्यांनी नव्या सोयीच्या भरवशावर ती नोटीस बाजूला ठेवू नये. नोटीस रीतसर मागे घेतली जात नाही तोवर रिटर्न भरणे बंधनकारकच राहते, आणि एक दिवस उशीर झाला तरी १०० पौंडांचा दंड लागतो, देणे शून्य असले तरीही. तीन महिन्यांनंतर दिवसाला १० पौंडांप्रमाणे ९०० पौंडांपर्यंत दंड वाढत जातो.

हिशोबनीस :
लेस्टरकर यांच्याशी सहमत आहे. ताई, तुम्ही हीच वाट धरावी. फक्त ५ ऑक्टोबरच्या बऱ्याच आधी हे काम उरका, म्हणजे काही कारणाने ती सोय तुमच्या बाबतीत चालली नाही तर सेल्फ असेसमेंटच्या नोंदणीसाठी वेळ हाती राहील.

पुणे_ते_रीडिंग :
मी आयटी कंपनीत स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे आणि महिन्यातून दोन-तीनदा सपोर्टची रात्रपाळी केल्याने माझे उत्पन्न ६० हजारांच्या पुढे गेले आहे. आमचा मुलगा दोन वर्षांचा आहे, पत्नी डिपेंडंट व्हिसावर आहे. आम्ही अजून चाइल्ड बेनिफिटचा अर्ज केलेला नाही. वर वाचून वाटले की अर्ज करावा आणि जो चार्ज येईल तो भरून टाकावा. हे योग्य होईल का?

लेस्टरकर :
दादा, कृपया अर्ज करू नका. तुमच्या ई-व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ न घेण्याची अट असेल, आणि चाइल्ड बेनिफिट हा त्या यादीतला लाभ आहे. अट असताना अर्ज करणे म्हणजे व्हिसाच्या अटीचा भंग ठरतो. पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करताना त्याचा फार त्रास होऊ शकतो. चार्ज भरून पैसे परत दिले तरी अटीचा भंग पुसला जात नाही. मूल इथे जन्मले किंवा अगदी ब्रिटिश नागरिक असले, तरी तेवढ्याने आईवडिलांना हक्क मिळत नाही.

जोडीदारांपैकी एकाला कायम वास्तव्य किंवा नागरिकत्व असेल आणि दुसऱ्याच्या व्हिसावर ही अट असेल, तर अट नसलेल्या जोडीदाराने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. तुमच्या घरात दोघांवरही अट आहे, म्हणून सध्या थांबणे हाच मार्ग आहे. कायम वास्तव्य मिळाले की लगेच अर्ज करा. अर्ज मागच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंतच लागू होतो, आणि तुमचा हक्क सुरू झाला त्याच्या आधीच्या काळासाठी तर मुळीच नाही.

घरात कोणी बेनिफिटच घेत नसेल तर उत्पन्न कितीही असले तरी हा चार्ज नाही आणि त्यासाठी रिटर्नही नाही. एवढी बाजू तुमच्यासाठी सोपी आहे.

पुणे_ते_रीडिंग :
वेळीच सावध केल्याबद्दल ऋणी आहे. आमच्या कार्यालयात मानव संसाधन विभागाच्या एका सत्रात सरसकट सगळ्या नव्या पालकांना अर्जाचा दुवा पाठवला गेला होता. त्यात व्हिसाचा उल्लेखही नव्हता. आपल्या लोकांच्या गटांवर ही माहिती ठळकपणे जायला हवी.

दिवाळी_फराळ :
ताईंच्या प्रश्नात आमचेही थोडेसे मिसळते, म्हणून विचारते. मी एका केअर होममध्ये पगारी नोकरी करते आणि वीकेंडला जादा शिफ्ट घेते. शिवाय दिवाळीच्या सुमारास चकली, शंकरपाळी, अनारसे यांच्या ऑर्डरी असतात. मागच्या दिवाळीत साखर, भाजणी आणि डब्यांचा खर्च वजा केल्यावर सातशे-आठशे पौंड उरले असतील, विक्री मात्र बाराशेच्या आसपास झाली. पतीचे उत्पन्न ६३ हजार आहे आणि त्यांच्या नावावर नाशिकला एक फ्लॅट असून त्याचे भाडे येते. भाड्यावर भारतात कर भरतो. बेनिफिट माझ्या नावावर आहे. आम्हालाही ही पगारातून कापण्याची सोय मिळेल का?

हिशोबनीस :
ताई, तुमच्या घरात दोन स्वतंत्र कारणांनी रिटर्न येते. दोन्ही सांगतो.

तुमच्या फराळाच्या बाबतीत खर्च वजा करून काय उरले हे आधी पाहायचे नसते. वर्षभरातली एकूण विक्री १,००० पौंडांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. तुमची विक्री बाराशे आहे, म्हणून तुम्हाला सेल्फ असेसमेंटमध्ये नोंदणी करावी लागेल, जरी नफा कमी असला तरी. रिटर्नमध्ये मात्र तुम्हाला निवड आहे. प्रत्यक्ष खर्च वजा करा किंवा त्याऐवजी सरळ १,००० पौंड वजा करा. तुमच्या आकड्यांवरून हजार वजा करणेच फायद्याचे दिसते, कारण मग करपात्र फक्त दोनशे पौंड उरतात. ऑर्डरींची वही आणि बँकेतल्या जमा रकमा जपून ठेवा.

पतींच्या बाबतीत नाशिकचे भाडे. इंग्लंडमध्ये स्थायिक असलेल्या करदात्याचे जगभरातले उत्पन्न इथे मोजले जाते. भारतात भरलेल्या कराची वजावट दोन देशांमधल्या करारानुसार मिळते. पण भाडे इथल्या रिटर्नच्या परदेशी उत्पन्नाच्या पानांवर दाखवावे लागते. त्यामुळे पगारातून कापण्याची नवी सोय त्यांना लागू होणार नाही. आणखी महत्त्वाचे म्हणजे हे भाडे त्यांच्या ६३ हजारांत मिळवले जाते. भारतात कर भरला म्हणून ते समायोजित निव्वळ उत्पन्नातून वगळले जात नाही. भारताचे करवर्ष ३१ मार्चला संपते आणि इथले ५ एप्रिलला, म्हणून भाड्याचा हिशेब इथल्या तारखांप्रमाणे पुन्हा मांडावा लागतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भाडे जमा होत असेल तर तिथे खास लक्ष द्या.

याच ओघात भारतातल्या एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यातल्या मुदतठेवींचे सांगतो. तिथले व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणून आपल्यातले पुष्कळजण ते इथे दाखवायचेच नसते असे समजतात. ते इथे करपात्र आहे आणि ६० हजारांच्या हिशेबातही येते. घराच्या बांधकामासाठी किंवा आईवडिलांसाठी म्हणून ठेवलेल्या रकमेचे व्याज असले, तरी खाते ज्याच्या नावावर आहे त्याचेच ते उत्पन्न.

दिवाळी_फराळ :
एकूण विक्री पाहायची असते हे मला ठाऊकच नव्हते. नोंदणी करते. नाशिकच्या भाडेकरूकडून येणारी रक्कम महिन्याच्या पाच तारखेला जमा होते, म्हणजे तुम्ही म्हणता तो आठवडाच आमचा आहे. पतींना हा धागा वाचायला देते.

दोन_पगार :
माझा प्रश्न कायद्यापेक्षा न्यायाचा आहे, परंतु विषयाला धरूनच आहे. ज्या घरात दोघेही प्रत्येकी ५९,००० पौंड मिळवतात, त्यांचे एकत्रित उत्पन्न १,१८,००० होते आणि त्यांना एक पेनीही परत करावी लागत नाही. ज्या घरात एकच जण ८०,००० मिळवतो आणि दुसरा लहान मुलांमुळे घरी आहे, त्यांचा सगळा बेनिफिट जातो. एकट्या पालकाचे तर विचारायलाच नको. आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबांत सुरुवातीच्या वर्षांत एकाचीच पूर्ण नोकरी असते आणि तीच व्यक्ती जादा शिफ्ट करून घर चालवते. या रचनेचा भार नेमका अशा घरांवर पडतो.

मार्च २०२४ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी मर्यादा वाढवली आणि एप्रिल २०२६ पर्यंत कुटुंबाच्या एकत्रित उत्पन्नावर हा चार्ज नेण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेचल रीव्ह्ज यांनी तो विचार सोडून दिल्याचे सांगितले. मला हे फार खटकते. खर्च वाढेल हे कारण मी समजू शकतो, पण त्यामुळे अन्याय कमी होत नाही.

आणखी एक. ज्यांना आजवर एचएमआरसीचे पत्र आले नाही, त्यांनी स्वतः होऊन कळवावे की गप्प राहावे? माझ्या परिचयात काहीजण असे आहेत.

हिशोबनीस :
न्यायाबद्दलच्या तुमच्या मताशी मी सहमत आहे आणि खासदारांना लिहिण्यासारखा हा विषय आहे. पण नियम आहे तोवर आपल्याला त्याच्या आत राहूनच घराचे भले पाहायचे आहे.

पत्राबद्दल. पत्र आले नाही याचा अर्थ देणे नाही असा होत नाही. जेसन विल्क्स यांच्या खटल्यात नेमका हा वाद होता. ते पगारदार होते, रिटर्न भरत नव्हते आणि बेनिफिट त्यांच्या पत्नी घेत होत्या. एचएमआरसीने मागाहून केलेली आकारणी त्या वेळच्या कायद्याप्रमाणे योग्य नव्हती, असा निकाल २०२१ मध्ये वरच्या न्यायाधिकरणाने आणि डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने दिला. परंतु दरम्यान २०२२ च्या वित्त कायद्याने ही त्रुटी पूर्वलक्षी प्रभावाने बुजवली. आज त्या निकालाच्या आधारे कोणी निवांत राहू नये. मागची वर्षे उघडली जाऊ शकतात, आणि न कळवल्याबद्दलचा दंड हेतुपुरस्सर नसलेल्या प्रकरणातही कराच्या ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. स्वतः होऊन, कोणी विचारण्याआधी आणि लवकर कळवले तर तो शून्यावरही येऊ शकतो. तुमच्या परिचितांनी या महिन्यातच कळवावे असे मी आग्रहाने सांगेन.

रात्रपाळी :
माझा खरा प्रश्न पुढच्या हिवाळ्याचा आहे. शिफ्ट घेणे परवडते का? आणि ज्यांचे उत्पन्न ८० हजारांच्या वर जाते, त्यांनी तरी अर्ज मागे घ्यावा का?

हिशोबनीस :
२०२५-२६ च्या दरांनी, दोन मुले असलेल्या घरात ६०,००० ते ८०,००० या पट्टीत ३०० पौंडांची एक शिफ्ट धरा. ४० टक्क्यांनी १२० पौंड कर जातो आणि चार्जपोटी सुमारे ३४. नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी) बाजूला ठेवला तर १४६ पौंड, म्हणजे निम्म्याला थोडे कमी, हातात राहतात. तीन मुले असतील तर त्याच दरांनी बेनिफिट वर्षाला ३,१४८.६० पौंड, म्हणून चार्ज अधिक वेगाने चढतो आणि त्याच शिफ्टमागे साधारण ४७ पौंड जातात. रविवारच्या किंवा सुटीच्या शिफ्टला साठ टक्के जादा दर मिळत असेल तर हे परवडू शकते. साध्या दिवसाची शिफ्ट मुलांपासून दूर राहून या दराने करावी का, ते तुम्ही दोघांनी ठरवायचे. पण ‘एक शिफ्ट केली आणि सगळा बेनिफिट गेला’ असे कधीच होत नाही, हे मात्र वॉर्डात सगळ्यांना सांगा. एवढ्याच समजुतीने शिफ्ट नाकारणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

उत्पन्न खाली आणण्याचा सरळ मार्ग पेन्शनचा आहे. तुमची रुग्णालयाची पेन्शन पी-६० मध्ये आधीच वजा झालेली आहे, ती पुन्हा वजा करायची नसते. त्याखेरीज स्वतंत्र खासगी पेन्शनमध्ये तुम्ही १,६०० पौंड भरले तर पेन्शन कंपनी मूळ दराची सवलत मिळवून ते २,००० करते आणि समायोजित निव्वळ उत्पन्नातून पूर्ण २,००० वजा होतात. समजा एखाद्याचे उत्पन्न ६२,००० आहे. एवढ्याने ते ६०,००० वर येते, दोन मुलांचा २२५ पौंडांचा चार्ज नाहीसा होतो आणि वरच्या दराची ४०० पौंडांची सवलतही मागता येते. पैसे पेन्शनमध्ये अडकतात हे खरे, पण ते तुमचेच असतात. फक्त ही रक्कम ५ एप्रिलच्या आत भरलेली हवी. वर्ष उलटल्यावर उपयोग नाही.

गिफ्ट एड या धर्मादाय देणग्यांवरच्या करसवलतीच्या योजनेखाली दिलेल्या देणग्याही अशाच वजा होतात. तुमचे स्थानिक मराठी मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल आणि तुम्ही गिफ्ट एडच्या अर्जावर सही केली असेल, तर गणेशोत्सवाची देणगीही यात येते. वर्गणीच्या बदल्यात जेवणाचे कूपन मिळत असेल तर ती देणगी धरू नका. नर्सिंग नोंदणीची वार्षिक फी (२०२५-२६ मध्ये १२० पौंड) आणि गणवेश धुण्यापोटीची १२५ पौंडांची ठरावीक वजावट तुम्ही मागितली आहे का, तेही पाहा. रक्कम लहान असली तरी ६०,००० च्या काठावर प्रत्येक २०० पौंड मोजले जातात.

८० हजारांच्या वरच्यांनी अर्ज मागे घेऊ नये. अर्ज कायम ठेवून फक्त पैसे नकोत असे सांगण्याची सोय आहे. पैसे घेतले नाहीत तर चार्ज नाही आणि त्यासाठी रिटर्नही नाही. अर्ज मात्र असलाच पाहिजे, कारण मूल बारा वर्षांचे होईपर्यंत न कमावणाऱ्या किंवा फार कमी कमावणाऱ्या पालकाला त्याच अर्जावर नॅशनल इन्शुरन्सची नोंद मिळते. पूर्ण सरकारी पेन्शनला अशी ३५ वर्षे लागतात. २०२५-२६ मध्ये ती आठवड्याला २३०.२५ पौंड होती, म्हणजे एकेका वर्षाची किंमत आठवड्याला साडेसहा पौंडांच्या पुढे, जन्मभरासाठी. नवऱ्याचा पगार मोठा म्हणून अर्जच न केलेल्या कितीतरी गृहिणींची वर्षे अशी वाया गेली आहेत. त्यात आपल्या भगिनी पुष्कळ आहेत. अर्ज घरी राहणाऱ्या पालकाच्याच नावाने करावा, हेही त्याचमुळे.

लेस्टरकर :
मोठ्या मुलांच्या पालकांसाठी एवढेच की सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर ३१ ऑगस्टला बेनिफिट थांबतो. मूल पुढे मान्यताप्राप्त शिक्षणात असेल तर तसे कळवावे लागते. ज्या वर्षी तो मध्येच थांबतो, त्या वर्षीचा चार्ज प्रत्यक्ष मिळालेल्या आठवड्यांवरच मोजला जातो.

रात्रपाळी :
सगळ्यांचे मनःपूर्वक आभार. पगारातून कापण्याची सोय मी याच आठवड्यात सुरू करते. फेब्रुवारीत दोन्ही पे-स्लिपवरची वर्षभराची बेरीज पाहून पेन्शनमध्ये किती भरायचे ते ठरवेन. एक शेवटची शंका उरते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात केलेल्या बँक शिफ्टचे पैसे मला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिळतात. ते कोणत्या वर्षात धरायचे?

हिशोबनीस :
सामान्यतः पैसे ज्या दिवशी दिले जातात ती तारीख धरायची, शिफ्ट केली ती नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातले पैसे नव्या करवर्षात जातील आणि पुढच्या पी-६० मध्ये दिसतील. फेब्रुवारीत बेरीज करताना ५ एप्रिलपूर्वी हाती येणाऱ्या पे-स्लिप तेवढ्या धरा. टाइमशीट उशिरा मंजूर झाली तर तीच शिफ्ट एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जाते, म्हणून मार्चमधल्या टाइमशीट कधी मंजूर झाल्या ते लिहून ठेवा.